पेटीबाईंची जागा

आमच्या दफनभूमीच्या सेक्रेटरींनी पेटीबाईंना फसवलं. त्यांची कबरीची जागा दुसऱ्यासाठी घेतली, बदल्यात दुसरी जागा द्यायचा शब्द चारचौघांत दिला आणि बाई गेल्यावर तो मोडला. मी हे आडवळणानं सांगणार नाही. लाकडाच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. फळी आतून पोकळ असेल तर मी ती गिऱ्हाइकासमोर ठोकून दाखवतो, वर रंग फासून विकत नाही.

बाई म्हणजे काळेवाडीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेविका. आजाऱ्याला भेटायचं, मरणाऱ्यापाशी बसायचं, ज्याचं कुणी नाही त्याच्या मातीची तजवीज करायची, हे त्यांचं काम. पुढं मंडळीनं सेविकेचं पदच बंद केलं आणि तसं पत्र बाईंना दिलं. बाईंनी ते वाचलं, घडी घालून आपल्या बायबलात खूण म्हणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला दवाखान्याची वाट धरली. गोरगरिबांच्या शवपेट्यांसाठी लाकूड मागत हिंडायच्या, म्हणून माझ्या शेडमधल्या कामगारांनी त्यांचं नाव पेटीबाई ठेवलं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय की. लोकांना वाटेल, भजनात पेटी वाजवते."

मागण्याची त्यांना लाज म्हणून नव्हती. माझी त्यांची ओळखच तशी झाली. निघोज्यात माझी शेड आहे. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात, ती ज्या लाकडी खोक्यांतून येतात ती खोकी मी उचलतो, मोडतो आणि फळ्या विकतो. ट्रकवर हमाली करत करत मी ही शेड उभी केली आहे, त्यामुळं दर पाडून मागणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. बाई मला ओळखू आल्या नाहीत. भर दुपारी एक किडकिडीत बाई, पायांत पुरुषी सँडल, फळ्यांच्या थप्पीवर बोटाची पेरं वाजवत उभी होती.

"शेठ तुम्हीच का?"

"काय पाहिजे?"

"सहा फळ्या. साडेपाच फुटी. गाठी नकोत."

"दर माहीत आहे का?"

"दर कुठं विचारला मी? फळ्या मागितल्या."

माझं डोकं सटकलं. "बाई, हा धर्मादाय नाही. बाहेर बोर्ड वाचला का?"

"वाचला ना. तुमचं आडनाव पण वाचलं. नगरकडचे, आपल्यातलेच दिसता. उपासनेला कधी दिसला नाहीत."

"मला वेळ नसतो."

"बरं, मग वेळ नका देऊ. फळ्या द्या."

मी चार म्हणालो. बाईंनी सहा काढून घेतल्या, वर माझ्या सुतारांकडून, अन्वरभाईंकडून, मूठभर खिळेही घेतले. त्या गेल्यावर अन्वरभाई दाढी खाजवत म्हणाले, "शेठ, आज पहिल्यांदा तुम्हाला कुणी गुंडाळलं." मी त्यांच्यावर ओरडलो. पण पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा अन्वरभाईंनी फळ्या आधीच निवडून ठेवल्या होत्या, आणि त्या मी हिशोबात धरल्या नाहीत.

बाईंच्या पिशवीत एक सुतळी असायची. मेलेल्या माणसाचं माप त्या सुतळीला दोन गाठी मारून आणायच्या. एक गाठ उंचीची, दुसरी खांद्याच्या रुंदीची. अन्वरभाई फुटपट्टी बाजूला ठेवून त्या सुतळीवरच पेटी बेतायचे. मापाचा आकडा कधी विचारला तर बाई म्हणायच्या, "आकडा कशाला? माणूस आहे तो." फळ्यांवर कंपनीचे छाप असत: वरच्या बाजूचा बाण आणि काचेच्या पेल्याचं चित्र, म्हणजे जपून उचला. मी म्हणालो, "हे छाप रंधून काढू या, बरं दिसत नाही." बाई म्हणाल्या, "राहू द्या वो. वर कुठं ते बाणानं कळतंय, आणि जपून उचला असं त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कुणी लिहिलं नसेल." त्या दिवसापासून अन्वरभाई पेल्याचं चित्र मुद्दाम झाकणावर येईल अशा बेतानं फळी बसवू लागले.

एकदा मी चिडून विचारलं, "तुम्ही सारखं माझ्याकडंच का मागता? पिंपरीत काय दुसरी माणसं नाहीत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांकडं मागते, शेठ. आपण मागत नाही म्हणून समोरच्याचं द्यायचं राहून जातं. मग वर गेल्यावर तो म्हणणार, मला कुणी विचारलंच नाही. ते निमित्त त्याच्यापाशी कशाला शिल्लक ठेवायचं?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

दवाखान्यात बाई काय करतात ते मी एकदा पाहिलं. माझ्या एका कामगाराचा पाय फळीखाली सापडला होता, त्याला बघायला गेलो होतो. जनरल वॉर्डात बाई एका म्हाताऱ्याच्या पायापाशी बसून त्याची नखं कापत होत्या. म्हातारा कोण, कुठला, त्यांना माहीत नव्हतं. नखं वाढून वाकलेली, पिवळी. कापलेली नखं त्या कागदाच्या पुडीत गोळा करत होत्या. मी म्हणालो, "बाई, हे काम नर्सचं." त्या म्हणाल्या, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. माझ्या गुडघ्यांनी घमेल्यापाशी वाकवत नाही, म्हणून आपली नखं कापते. तेवढीच सवलत मागून घेतली त्याच्याकडून."

"म्हणजे देवाशीही घासाघीस?"

"तुमच्याकडून शिकले."

शिष्य हा शब्द त्यांच्या तोंडात कायम असायचा, पण त्यावर प्रवचन त्यांनी कधी दिलं नाही. मी एकदा टोमणा मारला, "मी कुणाच्या मागं चालत नाही, म्हणून तर इथवर आलो." बाई म्हणाल्या, "शिष्य म्हणजे मागं चालणारा, हे खरं. त्याला पुढची वाट दिसत नाही. पुढच्याच्या टाचा दिसतात फक्त. टाचा कुठं पडतात तिथं आपला पाय ठेवायचा. तुम्हाला वाट आधी बघायची असते, शेठ, नकाशासकट. म्हणून तुमचं अडतंय." मी रागानं आत निघून गेलो. पण त्या ख्रिस्तजयंतीला मी कित्येक वर्षांनी उपासनेला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. एवढं शहाणपण त्यांना होतं.

स्वतःसाठी बाईंनी काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती त्यांचीच होती. त्यांचा नवरा फाउंड्रीत कामाला होता. धुरानं छाती गेली आणि माणूस लवकर गेला. आमच्या दफनभूमीत तो पहिल्या रांगेत आहे. आमच्याकडं नवराबायकोची जागा शेजारी-शेजारी राखून ठेवतात, तशी त्याच्या डाव्या बाजूची जागा बाईंच्या नावानं रजिस्टरला होती. दर रविवारी उपासनेनंतर बाई तिथं जायच्या, आपल्या मोकळ्या जागेवरचं गवत उपटायच्या. म्हणायच्या, "त्यांना खोकल्याची ढास लागायची. पाठ चोळायला शेजारी माणूस लागतं. डावीकडं झोपायची मी, ते बरंय, उजवा हात मोकळा राहतो."

माझी जागा दुसऱ्या रांगेत आहे, माझ्या आईशेजारी. आई डोक्यावर विटा वाहून मेली. जाताना म्हणाली होती, "मला अनोळखी लोकांत एकटी ठेवू नको रे." मी तिला शब्द दिला. दफनभूमीचं फाटक गंजून पडलं होतं. ते मी नवं बसवून देईन असं कमिटीला सांगितलं आणि त्या बदल्यात आईशेजारची जागा लिहून घेतली, सही आणि शिक्क्यासकट. बाईंना तो कागद दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आईच्या बाबतीत तरी नकाशा बघितला नसता तर चाललं असतं."

मग जोहन मेला. झारखंडकडचा पोरगा, चाकणला कंत्राटावर कामाला, निघोज्यात एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात पोचला तोवर उशीर झाला होता. गावाकडं नेणं त्याच्या मित्रांच्या आवाक्यातलं नव्हतं. सुशील नावाचा त्याचा मित्र गळ्यातला क्रूस दाखवत मंडळीच्या दारात उभा राहिला. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या मंडळीचा सभासद नाही. त्याच्या मंडळीचं पत्र नाही. सभासदांनाच जागा पुरत नाही, बाहेरच्यांना कुठून देऊ?" सेक्रेटरी वाईट बोलणारे गृहस्थ नाहीत. प्रत्येकाला अहो-जाहो करतात.

बाई तिथंच होत्या. पेटीचं माप घ्यायला मी आणि अन्वरभाईही आलो होतो, पाळकसाहेबही उभे होते. त्यांनी सुतळीची गुंडाळी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "माझी जागा मोकळी आहे ना? तिथं ठेवा त्याला."

मी ओरडलो, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

त्या माझ्याकडं वळल्या. "शेठ, प्रभूला मेल्यावर स्वतःची कबर नव्हती. एका माणसानं स्वतःसाठी खोदून ठेवलेली दिली. माहीत आहे ना तो कोण होता? अरिमथाईचा योसेफ. श्रीमंत माणूस. आणि लपूनछपून शिष्य. शेवटच्या बाकावर बसत असणार, तुमच्यासारखा."

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "बाई, तुमची काळजी करू नका. तुमची सोय त्याच रांगेत आम्ही करू. माझा शब्द आहे." मी खिशातून पेन काढलं. शब्द लिहून घेतल्याशिवाय मी ट्रकची ताडपत्रीसुद्धा सोडू देत नाही. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "पोरगं शवागारात थंडीत पडलंय. लिहापढी नंतर." ते पेन त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकलं.  आयुष्यात तोंडी व्यवहार मी तो एकच होऊ दिला.

जोहनला बाईंच्या जागेत ठेवलं. पुढं दर रविवारी बाई नवऱ्याच्या कबरीवर जायच्या तेव्हा जोहनवरचं गवतही उपटायच्या. सुशील कधी सोबत यायचा. बाई त्याला सांगायच्या, "तुझ्या दोस्ताला सांगून ठेवलंय, म्हाताऱ्याला ढास लागली तर पाठीवर हात फिरव." सुशीलला मराठी अर्धंच कळायचं, पण तो मान हलवायचा.

या उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. त्याच जनरल वॉर्डात, खिडकीपासून तिसरी खाट. मी फळं घेऊन गेलो. बाईंनी फळांकडं पाहिलंही नाही. चादरीतून पाय बाहेर काढला आणि म्हणाल्या, "शेठ, पिशवीत नेलकटर आहे. माझी वाढलीत. टोचतात."

मी आजूबाजूला पाहिलं. लोक बघत होते. "मी?"

"मागितल्याशिवाय कसं देणार तुम्ही?"

मी स्टुलावर बसलो. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. इतकी वर्षं उन्हातान्हात त्या पायांनी किती जिने चढले असतील, हे पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं. माझा हात जड आहे. करंगळीला जास्त कापलं गेलं, रक्ताचा थेंब आला. मी स्वतःलाच शिवी हासडली. बाई हसल्या. "होतं असं. माझ्याही हातून पहिल्या माणसाचं रक्त आलं होतं. शिकाल." मग थोड्या वेळानं डोळे मिटून म्हणाल्या, "सेक्रेटरींना आठवण करून द्याल ना? त्याच रांगेत म्हणाले होते. अगदी शेजारी नको, खोकला ऐकू आला तरी पुरे."

चौथ्या दिवशी बाई गेल्या. अन्वरभाईंनी माप विचारलं आणि सगळे एकमेकांकडं पाहू लागले. माप आणणारं माणूसच गेलं होतं. मी बाईंची सुतळी घेतली आणि दवाखान्यात जाऊन त्यांचं माप मी घेतलं. दोन गाठी मारल्या. खांद्याची गाठ इतकी जवळ आली की अन्वरभाई म्हणाले, "शेठ, चुकलात बहुतेक." चुकलो नव्हतो. त्यांनी पेल्याचं चित्र असलेली सगळ्यात चांगली फळी झाकणाला लावली आणि नमाजाची वेळ टळली तरी रंधा खाली ठेवला नाही.

दफनभूमीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय, पण जागा नाही. बाईंनी आपला हक्क स्वखुशीनं सोडल्याची नोंद रजिस्टरला आहे." मी रजिस्टर पाहिलं. हक्क सोडल्याचं सेक्रेटरींच्याच अक्षरात होतं. शब्द दिल्याचं कुठंही नव्हतं. नवऱ्याची कबर उघडून त्यातच ठेवा म्हणालो, तर त्याला नियमाची वर्षं भरली नव्हती. त्या रांगेतली शेवटची मोकळी जागा दोन महिन्यांपूर्वी कमिटीतल्या एका पंचांच्या वडिलांना गेली होती. त्या वेळचे पाळकसाहेब बदली होऊन लांब गेलेले. मी म्हणालो, अन्वरभाई साक्षीला आहेत, सुशील आहे. सेक्रेटरी अदबीनं म्हणाले, "ते सभासद नाहीत, शेठ. त्यांची साक्ष कशी धरायची?"

दोन तास मी भांडलो. माझ्या टेंपोत बाईंची पेटी उन्हात होती आणि सुशील तिच्यावर आपला शर्ट धरून उभा होता. शेवटी मी खिशातून माझा कागद काढला, तो मुद्दाम बरोबर नेला होता, आणि सेक्रेटरींच्या तोंडासमोर नाचवला. "ही बघा तुमची सही! हा तुमचा शिक्का! लिहून घेतलं की पाळता, आणि एका बाईनं विश्वास ठेवला तर गिळता?"

सेक्रेटरींनी चष्मा नीट केला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, होता तसा घडीवर दुमडला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "तुमची जागा शाबूत आहे, शेठ. दुसरी रांग, आईशेजारी. तिला कुणी हात लावणार नाही." आणि मग हळूच, "तुमच्या मर्जीशिवाय."

दुसरी रांग पहिलीपासून चार पावलांवर आहे. खोकला ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

मी कागद खिशात ठेवला.

तेवढ्यात सुशील जवळ आला. त्याला मराठीतलं भांडण नीट कळलं नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, "शेठ, अंदर एक भी जगह नहीं है क्या?"

मी म्हणालो, "कमिटी से पूछ." नेहमीसारखं, ओरडून.

चाकणच्याही पुढं, एका छोट्या मंडळीच्या माळावर बाईंना माती दिली. तिथल्या लोकांनी कसलंही पत्र मागितलं नाही. सुशीलनं खड्ड्यात उतरून पेटी हातांनी सरळ केली, बाण बघून. आजूबाजूला सगळी अनोळखी नावं आहेत. तिथं खोकणारं बाईंच्या ओळखीचं कुणी नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा आहे. मी अर्ज दिला आहे, लेखी, आणि पोच घेतली आहे. अर्जात दोन प्रश्न आहेत. पहिला सेक्रेटरींना: हक्क सोडल्याचं ज्या हातानं लिहिलंत, त्याच हातानं शब्द दिल्याचं का लिहिलं नाहीत? त्यांनी मला अहो-जाहो करू नये, नियम सांगू नयेत, उत्तर द्यावं.

दुसरा प्रश्न माझ्या नावावर आहे. फाटकात ज्याच्या खिशात जागा होती, तो गप्प का राहिला? आईला शब्द दिला होता, हे मी सांगेन. ते खरं आहे. पण मला कुणी विचारलंच नाही, असं मला म्हणता येणार नाही. सुशीलनं विचारलं होतं. त्यालाही मी सभेला बोलावलं आहे. सभासद नसला तरी तो माझ्याशेजारी पहिल्या बाकावर बसेल, आणि मी काय उत्तर देतो ते त्याला हिंदीत सांगायचं काम अन्वरभाई करतील. कागद तेव्हा टेबलावर असेल. आधी सेक्रेटरींनी उभं राहावं. मग मला उभं करा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू देऊ नका.